ध चा मा नक्की कुणी केला?

सातपूरहून गंगापूर रोडकडे निघालं की वाटेत आनंदवल्ली लागतं. रिक्षावाल्याच्या तोंडी, भाजीवालीच्या तोंडी, बिल्डरच्या जाहिरातीत, सगळीकडे हे नाव आपण ऐकतो. पण ही वल्ली कुणाच्या आनंदाची, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही बरीच वर्षं पडला नव्हता. नवशा गणपतीला अंगारकीच्या रांगेत उभी असताना पुढच्या आजींनी सहज सांगितलं, अगं, हे तिचंच गाव, ध चा मा करणाऱ्या आनंदीबाईचं! आणि मी चपापलेच. शाळेत ज्या बाईला आपण खलनायिका म्हणून शिकलो, तिच्या नावाच्या गावातून मी रोज जा-ये करत होते की!

या गावाचं जुनं नाव चौंधस. गोदावरीच्या काठावर, नाशिकपासून जवळ, पण शहराच्या गलबल्यापासून लांब. राघोबादादा पेशव्यांना ही जागा आवडली. त्यांनी इथे वाडा बांधला आणि पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव आनंदवल्ली झालं, असं सांगितलं जातं. चांदवडचा रंगमहाल आपण सहलीला जाऊन बघतो, नाशिकचा सरकारवाडाही बघतो. आनंदवल्लीचा पेशव्यांचा नांदता वाडा मात्र आता उभा नाही. नाव तेवढं राहिलं. बाईच्या नावाचं गाव आणि बाईच्या नावाची म्हण, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आलेली! त्यातली म्हण सगळ्यांना पाठ, गाव कुणाच्या लक्षात नाही.

आनंदीबाई माहेरच्या ओक. कोकणातल्या, गुहागरकडच्या. राघोबादादांची पहिली पत्नी जानकीबाई, माहेरची बर्वे, १७५५ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी, १७५६ मध्ये, आनंदीबाई दुसरेपणावर शनिवारवाड्यात आल्या. वयानं अगदी लहान. आजच्या हिशेबानं शाळेत जायचं वय! सासूबाई काशीबाई, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या पत्नी. बाजीराव-मस्तानी सिनेमामुळे त्या आता घराघरात माहीत झाल्या आहेत. त्या काशीबाई १७५८ साली गेल्या. घरात खरी सत्ता थोरल्या जाऊबाईंची, गोपिकाबाईंची. नानासाहेब पेशव्यांची बायको, माहेरची रास्ते, हुशार आणि करारी. तिचा सगळ्यात धाकटा मुलगा नारायणराव, आनंदीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. हे मुद्दाम सांगते आहे. ज्या पुतण्याच्या खुनाचा डाग पुढे त्यांच्या नावाला लागला, तो त्या घरात आल्या तेव्हा रांगता असेल.

जावा-जावांचं बिनसणं आपल्याला नवीन नाही. पण इथे स्वयंपाकघराचा प्रश्न नव्हता, पेशवाईचा होता. १७६१ साली पानिपत झालं, जानेवारीत विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ पडले आणि जूनमध्ये नानासाहेबही गेले. गादीवर आले सोळा वर्षांचे माधवराव. राघोबादादा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, लाहोरपर्यंत फौज नेऊन आलेले. पुतण्यानं गादीवर बसायचं आणि आपण हात बांधून उभं राहायचं, हे त्यांना सोसेना. लढायला शूर माणूस, पण धरसोडीचा. कधी रागानं वेगळं व्हायचं, कधी सगळं सोडून नदीकाठी स्नानसंध्या करत राहतो म्हणायचं, आणि चार महिन्यांनी पुन्हा फौज जमवायची. अशा नवऱ्याच्या संसारात बाईचे काय हाल होत असतील, त्याची कल्पना आपण करू शकतो.

आनंदवल्लीचं महत्त्व इथेच. पुण्यात पटेनासं झालं की दादासाहेब इथे येऊन राहात. १७६७ साली उत्तरेची मोहीम फसून परत आले तेही इथेच. त्या मोहिमेत एक गंमत झाली होती. मल्हारराव होळकर गेले, नातू मालेराव गेला, तेव्हा होळकरांची दौलत सहज हाती येईल असं वाटून दादा इंदूरच्या रोखानं निघाले होते. अहिल्याबाईंनी त्यांना असा काही निरोप धाडला की स्वारी मुकाट्यानं मागे फिरली. बायकांच्या फौजेची गोष्ट आपण ऐकलेली आहेच. त्यानंतर त्याच वर्षी माधवराव स्वतः काकांना भेटायला आले आणि समेटाची बोलणी आनंदवल्लीत झाली. समेट टिकला नाही. पुढच्याच वर्षी, जून १७६८ मध्ये, चांदवडच्या डोंगररांगेत धोडप किल्ल्यापाशी काका-पुतण्यांची लढाई झाली. काका हरले. पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आनंदीबाईंचा आनंदवल्लीचा संसार तिथेच मोडला.

त्याच वर्षी राघोबादादांनी भुस्कुटे घराण्यातला अमृतराव दत्तक घेतला होता. म्हणजे लग्नाला बारा वर्षं झाली तरी आनंदीबाईंच्या मांडीवर मुलगा नव्हता. नवशा गणपतीची आख्यायिका याच दुःखाभोवती आहे. मुलासाठी राघोबा-आनंदीबाईंनी इथे नवस केला, तो फळला, म्हणून देऊळ बांधलं आणि वाड्यातून दादा त्या गणपतीचं दर्शन घेत, असं लोक सांगतात. देवळाचं साल काही जण १७७४ सांगतात. मला ते जरा खटकतं, कारण त्या वर्षी दादा पुण्याच्या फौजांपुढे पळत होते, देवळं बांधायला उसंत कुठली? पण नवसाची गोष्ट बायकांनी मनापासून जपली आहे, हे मात्र खरं. ज्या बाईला सगळा महाराष्ट्र दोष देतो, तिच्या नवसाच्या देवापुढे आजही बायका मुलासाठी हात जोडतात. यात कुणाला काही विसंगत वाटत नाही!

आता त्या दिवसाकडे येऊ या. माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला गेले. जाण्याआधी त्यांनी काकांना जवळ बोलावून धाकट्या भावाचा हात त्यांच्या हातात दिला होता. नारायणराव सतरा वर्षांचे. स्वभाव तापट, माणसं राखायची हातोटी नाही. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा काकांवर पहारे बसले. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. पगार थकल्याचं निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. तुळाजी पवार हा घरचाच माणूस त्यांना सामील. अठरा वर्षांचा पेशवा जीव घेऊन पळाला तो काकांच्या खोलीत. काकांच्या कमरेला मिठी मारली. तिथेच त्याला तोडला. त्याच्याबरोबर वाड्यातली आणखीही माणसं गेली. रात्री वाड्यातून काकांना हाक ऐकू येते, ही गोष्ट पुण्याची मुलं अजून एकमेकांना घाबरवायला सांगतात.

चौकशी केली रामशास्त्री प्रभुण्यांनी. त्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. भर दरबारात त्यांच्या तोंडावर देहान्ताचं प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले, ही हकिकत आपण शाळेतच वाचली आहे. त्या चौकशीतून असं पुढे आलं म्हणतात, की गारद्यांना दिलेल्या कागदात नारायणरावांना धरावे असं होतं, आणि नंतर कुणीतरी त्याचं मारावे केलं. कुणीतरी!

हे कुणीतरी म्हणजे आनंदीबाई, हे कधी ठरलं? इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यानं मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला. त्यात त्यानं कागदाची गोष्ट दिली आहे, आणि अक्षर बदलणारी आनंदीबाई असावी अशी लोकांची सर्वसाधारण समजूत आहे, असं नोंदवलं आहे. म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी, आणि तीही समजूत! तो कागद आज कुणाच्या हाती नाही. मग नाटकं आली, पाठ्यपुस्तकं आली, कादंबऱ्या आल्या. प्रत्येक ठिकाणी दिव्याच्या उजेडात बसून लेखणीनं अक्षर फिरवणारी एक बाई उभी राहिली. आपणही ती मनाशी इतक्या वेळा पाहिली, की कुणी शपथेवर विचारलं असतं तर डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगितलं असतं!

मला या गोष्टीतली एक बाजू फार बोचते. गारद्यांशी संधान बांधणारे पुरुष, कागद देणारा पुरुष, तलवार चालवणारे पुरुष, दार उघडून देणारा पुरुष. पण म्हण झाली ती बाईवर. सुमेरसिंगाचं नाव किती जणींना आठवतं? तुळाजी पवाराचं? बायकोच्या पदराआड राघोबादादा मात्र अर्धे सुटले. दादा तसे भोळे हो, धरायलाच सांगितलं होतं बिचाऱ्यांनी, बायकोनं घात केला... हे वाक्य आपल्या आसपास वेगवेगळ्या घरांबद्दल आपण ऐकलेलं आहे. भावकी फुटली की सून वाईट. मुलगा आईबापांपासून वेगळा निघाला की सून वाईट.

याचा अर्थ आनंदीबाई अगदी निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. नवरा गादीवर बसावा असं त्यांना वाटत असणारच. पाच वर्षं कैदेत काढलेल्या बाईला कटाचा सुगावा नसेल, हेही मानायला जड जातं. त्या तल्लख होत्या, महत्त्वाकांक्षी होत्या. नवऱ्याच्या बाजूनं त्या सगळी खटपट करत असणार. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. आणि आरोप नीट पाहिला तर तो लेखणीचा आहे. लिहिता-वाचता येणारी, राजकारण कळणारी बाई, एवढ्यावरच त्या काळात निम्मा निकाल लागत असावा.

गंमत म्हणजे असाच एक कागद थेट इंग्लंडमध्ये सापडतो, निदान गोष्टीत तरी. तिथे ग्लॉस्टरशायर परगण्यात बर्कली नावाचा जुना गढीवजा किल्ला आहे. एकच घराणं आठशेहून जास्त वर्षं त्याचं मालक. शनिवारवाडा जळला, आनंदवल्ली पडली, पण बर्कलीत अजून घरची माणसं आहेत. तिकीट काढून लोक किल्ला बघायला येतात आणि त्यांना एक खोली हमखास दाखवली जाते. दुसऱ्या एडवर्ड राजाला गादीवरून काढून १३२७ साली इथे कैदेत ठेवलं होतं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो इथे मेला. मारला, असंच लोक मानतात. गोष्ट अशी सांगतात, की पहारेकऱ्यांना लॅटिन भाषेत एक चिठ्ठी आली आणि तिच्यात स्वल्पविराम मुद्दाम घातला नव्हता. एका जागी थांबून वाचलं तर राजाला मारू नका असा अर्थ, दुसऱ्या जागी थांबलं तर मारायला भिऊ नका असा. आपला ध चा मा तो हाच! आणि बोट कुणाकडे? राजाची राणी इझाबेला हिच्याकडे. तिला लांडगीण असं नाव पडलं ते आजतागायत. चिठ्ठी लिहिणारा म्हणून ज्या बिशपचं नाव घेतात, तो तेव्हा इंग्लंडात नव्हताच, फ्रान्समध्ये पोपच्या दरबारात होता. त्यामुळे तिकडचे अभ्यासक त्या चिठ्ठीची गोष्ट खरी धरत नाहीत. तरीही किल्ला बघायला येणाऱ्यांना ती गोष्ट ऐकायला आवडतेच. साडेचारशे वर्षांच्या अंतरानं, सातासमुद्रापलीकडे, दोन वाड्यांत दोन खून, दोन कागद आणि दोन बायका. बघा, जुळतं की नाही!

आता पुढची हकिकत. ती सहसा कुणी सांगत नाही. खुनाच्या वेळी नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. कारभाऱ्यांनी, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू या मंडळींनी, बारभाईंचं कारस्थान रचलं. गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित नेलं. एप्रिल १७७४ मध्ये तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबादादांची पेशवाई औटघटकेची ठरली. ते पळत सुटले. आणि नेमकं तेव्हाच, लग्नानंतर इतक्या वर्षांनी, आनंदीबाईंना दिवस होते! पोटुशी बाई फौजेबरोबर रानोमाळ किती फिरणार? तिला माळव्यात धारच्या पवारांच्या किल्ल्यात ठेवून दादा इंग्रजांकडे मदत मागायला सुरतेच्या वाटेला लागले. १० जानेवारी १७७५ ला धारच्या किल्ल्यात बाजीरावाचा जन्म झाला. हाच पुढे शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव.

एकाच घरातल्या दोन बाळंतिणी. एक पुतणसून, एक चुलतसासू. दोघींची बाळंतपणं किल्ल्यावर, दोघींच्या मुलांत नऊ महिन्यांचं अंतर. एकीचं बाळ जन्मताच पेशवा, आणि दुसरीचं जन्मताच शत्रू. धारच्या किल्ल्याला वेढा पडला आणि अखेर तान्ह्या मुलासकट आनंदीबाई पुण्याच्या फौजेच्या हवाली झाल्या. नवरा तिकडे इंग्रजांच्या आसऱ्याला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून त्यानं साष्टी-वसई देऊ केली, आणि इंग्रज मराठ्यांच्या घरात शिरला तो इथून. इकडे बायको-मूल पहाऱ्यात. लढाया झाल्या, तह झाले, मोडले. शेवटी १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा राघोबादादांना पेशवाईवर पाणी सोडून कोपरगावला गोदावरीकाठी राहावं लागलं. तिथे ते फार जगले नाहीत. ११ डिसेंबर १७८३ ला गेले.

आनंदीबाईंच्या पदरात तेव्हा काय होतं? दत्तक अमृतराव, नऊ वर्षांचा होत आलेला बाजीराव, आणि पोटात आणखी एक जीव. नवऱ्याच्या मागे, मार्च १७८४ मध्ये, चिमाजी जन्मला. त्या वेळची विधवा म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि ही तर जिच्याकडे सगळे बोट दाखवतात अशी विधवा, नाना फडणिसांच्या नजरेखाली. पुढची नऊ-दहा वर्षं कोपरगावात गेली.

याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळ गंगापूरला, दुसरी विधवा राहात होती. थोरली जाऊ, गोपिकाबाई. पोटचा विश्वासराव पानिपतात गेला, माधवराव क्षयानं गेले, नारायणराव घरच्याच माणसांनी मारला. माधवरावांशी न पटल्यामुळे त्या आधीच पुणं सोडून इकडे आल्या होत्या. नारायणरावाच्या खुनानंतर त्यांनी वैराग्यच घेतलं. पेशव्यांची आई पंचवटीत झोळी घेऊन भिक्षा मागायची, असं जुने लोक सांगत आले आहेत. तरी मनानं त्या पुण्यातच होत्या. नातू सवाई माधवरावानं सकाळी उठल्यापासून कसं वागावं, हे त्यांनी पत्रातून कळवलेलं प्रसिद्ध आहे. १७८८ मध्ये त्या नाशिकला गेल्या. गंगापूरचं पाणी आनंदवल्लीवरून, रामकुंडावरून खाली कोपरगावला जातं. एका नदीच्या काठी दोघी जावा, दोघींची घरं उद्ध्वस्त, आणि मधे एका मुलाचं रक्त. या दोघींवर कुणी एखादं नाटक लिहिलं तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन. आतापर्यंत आपल्याकडे माधवराव-रमाबाईंची गोष्ट फार झाली. रणजित देसाईंची स्वामी १९६२ साली आली, रमा माधव सिनेमा २०१४ साली आला. छानच आहेत. पण त्यांत या दोघी येतात त्या बहुतेक तोंड वाकडं करण्यापुरत्याच.

१७९३ मध्ये आनंदीबाईंना मुलांसकट आनंदवल्लीला राहायला परवानगी मिळाली. मिळाली म्हणायचं, पहारा होताच. धोडपच्या लढाईला पंचवीस वर्षं झाली होती. ज्या वाड्यात तरुणपणी नवऱ्याबरोबर राहिल्या, नवस बोलल्या, समेट होताना आणि मोडताना पाहिले, तिथे त्या परत आल्या त्या तीन मुलगे बरोबर घेऊन आणि कपाळावर तो डाग घेऊन. गावातल्या बायकांनी त्यांना कसं वागवलं असेल? हळदीकुंकवाचा प्रश्न नव्हताच. नदीवर, देवळात, कुणी समोरून आलं तर बोलत असेल का? की दोन पावलं बाजूला होत असेल? बखरी-कागदांत असलं काही लिहून ठेवत नाहीत. त्यात फौजा, तनखे आणि तहाची कलमं.

हे सुखही वर्षभरच टिकलं. १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या. त्यानंतर लवकरच निजामाशी युद्धाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा मुलं आनंदवल्लीसारख्या मोकळ्या गावात ठेवणं कारभाऱ्यांना धोक्याचं वाटलं. त्यांना शिवनेरी किल्ल्यावर नेलं. वाडा पुन्हा रिकामा झाला.

मग ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि गेले. वय एकवीस. मूलबाळ नाही. बाजीराव गादीवर नको म्हणून कारभाऱ्यांनी १७९६ मध्ये भलताच तोडगा काढला. सवाई माधवरावांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक दिला तो चिमाजी, आनंदीबाईंचा धाकटा, बापाच्या मागे जन्मलेला मुलगा. काही महिने तो पेशवाही होता. डिसेंबरात बाजीरावानं गादी घेतली आणि ते दत्तकविधान रद्द झालं. पण तेवढे महिने तरी धर्मशास्त्रानं आनंदीबाईंचा मुलगा नारायणरावांचा नातू होता आणि नारायणरावांच्या नावानं पिंड द्यायचा अधिकार त्याचा होता.